पोथीतलं रूपक आणि आपला 'मी': वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भागवत, रामायण, गीता, दासबोध वाचणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. क्रम सोप्याकडून अवघडाकडे आहे. एका उत्तरात आलेलं दुसरीकडे पुन्हा लिहिलेलं नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पोथी रूपक म्हणून वाचायची म्हणजे नेमकं काय करायचं?

गोष्टीतली माणसं, नगरं, लढाया आपल्या आत कुठे सापडतात ते शोधायचं. याचा एक जुना आणि सोपा नमुना कठोपनिषदात आहे. यम नचिकेताला सांगतो की शरीर हा रथ, बुद्धी सारथी, मन लगाम, इंद्रियं घोडे आणि आत बसलेला रथी तो आत्मा. हे वाचल्यावर 'आज दिवसभर माझा रथ कोण हाकत होतं?' असा प्रश्न मनात उठला, तर रूपक कामाला लागलं. 'याचा अर्थ हा, त्याचा अर्थ तो' अशी नुसती यादी पाठ झाली, तर हाती फार काही लागत नाही.

ज्ञानेश्वरीच्या पहिल्या ओव्यांतच ही दृष्टी आहे. ज्ञानदेव गणपतीला वंदन करताना त्याच्या मूर्तीत सगळं वाङ्मय बसवतात: अठरा पुराणं अंगावरचे दागिने, सहा दर्शनं सहा हात, ॐमधला अकार पाय, उकार पोट, मकार मस्तक. पुढचे अठरा अध्याय कसे वाचायचे, याची तयारी ते तिथेच करून घेतात.

२. ही हल्लीच्या लोकांनी काढलेली पळवाट नाही का? आमचे आजोबा तर गोष्ट म्हणूनच वाचायचे.

पळवाट म्हणून ती वापरता येते, आणि वापरली जातेही (प्रश्न १२ पाहा). पण ती हल्लीची नाही. काही ठिकाणी तर ग्रंथ स्वतःच गोष्ट सांगतो आणि स्वतःच ती उलगडतो. भागवताच्या पाचव्या स्कंधात जडभरत रहूगण राजाला एका भयाण जंगलाचं वर्णन ऐकवतो. व्यापाऱ्यांचा तांडा त्यात वाट चुकतो आणि सहा दरोडेखोर त्याला लुटतात. पुढच्याच अध्यायात शुकाचार्य परीक्षिताला सांगतात की हे जंगल म्हणजे संसार आणि ते सहा दरोडेखोर म्हणजे पाच ज्ञानेंद्रियं आणि मन.

मराठीत हे काम सर्वांत मोठं केलं ते एकनाथांनी. भावार्थ रामायणाच्या सुरुवातीलाच ते दशरथाच्या घरातली माणसं आतल्या शक्ती म्हणून ओळखून देतात. कौसल्या सद्विद्या, सुमित्रा शुद्धबुद्धी, कैकेयी अविद्या, मंथरा कुविद्या. लक्ष्मण आत्मप्रबोध, भरत भावार्थ, शत्रुघ्न निजनिर्धार. आणि एवढं सांगूनही ते पुढची कथा मनसोक्त रंगवतात, वानरांच्या उड्यांपासून राक्षसांच्या फजितीपर्यंत. हा ग्रंथ युद्धकांडात थांबला, उरलेला त्यांचा शिष्य गावबा याने पुरा केला. तेव्हा आजोबा गोष्ट म्हणून वाचत होते ते योग्यच होतं. गोष्ट नीट वाचल्याशिवाय आतलं हाती येत नाही.

३. सुरुवात कुठल्या गोष्टीपासून करू?

भागवताच्या चौथ्या स्कंधातलं पुरंजनाख्यान घ्या, अध्याय २५ ते २९. कल्पना आणि ओळख यांबद्दल मला जे काही सांगावंसं वाटतं ते सगळं या पाच अध्यायांत आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

प्राचीनबर्ही नावाचा राजा यज्ञांमागून यज्ञ करत सुटला आहे. नारद त्याला एक गोष्ट ऐकवतात. पुरंजन नावाचा राजा राहण्यासाठी नगर शोधत हिंडतो. त्याचा एक जिवलग मित्र आहे, त्याचं नाव अविज्ञात. हिमालयाच्या दक्षिणेला पुरंजनाला नऊ दरवाज्यांचं सुंदर नगर दिसतं. तिथे एक स्त्री भेटते. तिच्यासोबत दहा सेवक आणि नगराच्या राखणीला पाच फण्यांचा नाग. पुरंजन तिच्यावर भाळतो, तिथेच राहतो आणि मित्राला विसरून जातो.

आता भागवतकार इथे जे करतात ते फार बारकाईने वाचा. ती पिते तेव्हा हा पितो, ती जेवते तेव्हा हा जेवतो. ती गाते, रडते, हसते, धावते, उभी राहते, झोपते, आणि प्रत्येक वेळी हा तेच करतो. श्लोकांमागून श्लोक हेच चाललं आहे. माणूस आपली ओळख दुसऱ्याकडून कशी उचलतो याचं इतकं नेमकं चित्र मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

मग चंडवेग नावाचा गंधर्व ३६० गंधर्व आणि ३६० गंधर्वी घेऊन नगरावर चाल करून येतो. म्हातारा नाग एकटा शंभर वर्षं झुंजतो आणि थकतो. नगर पडतं. पुरंजन बायकोची काळजी करत मरतो, आणि शेवटी मनात तीच होती म्हणून स्त्रीचा जन्म घेतो, तोही आपल्या विदर्भाच्या राजाची मुलगी म्हणून. तिचं लग्न होतं, काळाने नवरा जातो, ती चितेवर चढायला निघते. तेव्हा एक ब्राह्मण येऊन विचारतो, 'तू कोण? कोणाची? ज्याच्यासाठी रडतेस तो तुझा कोण? आणि मला ओळखलं नाहीस?' तो जुना मित्र असतो. तो सांगतो की आपण दोघं मानस सरोवरावरचे हंस. तू ना त्या राजाची मुलगी, ना या वीराची पत्नी, ना त्या नगराचा राजा. जो मी आहे तोच तू.

शेवटच्या अध्यायात नारद स्वतः उलगडा करतात. पुरंजन हा जीव, नगर हे शरीर, स्त्री ही बुद्धी, दहा सेवक ही दहा इंद्रियं, पाच फण्यांचा नाग म्हणजे पाच प्राण, चंडवेग म्हणजे वर्ष आणि त्याचे गंधर्व-गंधर्वी म्हणजे दिवस आणि रात्री. आणि न ओळखलेला मित्र म्हणजे ईश्वर.

४. 'कल्पना' तर संत वाईट म्हणतात ना? मग कल्पनेने काही साधतं असं कसं म्हणता?

समर्थांनी दासबोधाच्या सातव्या दशकातल्या पाचव्या समासात याचंच उत्तर दिलं आहे. कल्पना दोन तऱ्हांची. एक द्वैत उभं करत राहते. दुसरी शुद्ध, ती निर्गुणाची कल्पना करते आणि तसं करता करता स्वतःच विरून जाते. म्हणजे कल्पनेला बाहेरून कोणी मारत नाही, तिला पुसणारी कल्पनाच असते.

पहिल्या तऱ्हेचं उदाहरण भागवतातल्या भरत राजाचं आहे (हा रामाचा भाऊ नव्हे). राज्य सोडून गंडकीकाठी तप करायला गेलेला हा माणूस. सिंहाच्या गर्जनेने घाबरून एका हरिणीने नदीत उडी घेतली, तिचं पाडस प्रवाहात पडलं, याने वाचवलं. वाचवणं चांगलंच होतं. पण मग दिवसभर मनात तेच: खाल्लं का, कुठे गेलं, लांडग्याने धरलं नसेल ना? मरतानाही तेच, आणि पुढचा जन्म हरणाचा. गीतेच्या आठव्या अध्यायातला 'अंतकाळी जो भाव आठवतो त्यालाच माणूस पोचतो' हा श्लोक याच्या शेजारी ठेवून वाचा. पुनर्जन्मावर विश्वास नसेल तरी या गोष्टीचं काही अडत नाही. ज्याची कल्पना आपण सतत करतो त्याच्या आकाराचे आपण याच जन्मात होतो, हे कोणत्याही घरात दिसतं.

५. किड्याचा भुंगा होतो, हे खरं आहे का?

अवधूताने यदुराजाला सांगितलेल्या चोवीस गुरूंत हा शेवटचा. भुंग्याने भिंतीतल्या घरट्यात कोंडलेला किडा भीतीने त्या भुंग्याचंच चिंतन करतो आणि तसाच होतो, असं भागवताचा अकरावा स्कंध सांगतो. एकनाथांनी काशीत १५७३ साली पुरं केलेल्या एकनाथी भागवतात ते ओव्यांमध्ये सापडेल.

निसर्गात तसं घडत नाही. इथे भुंगा म्हटलं आहे ती कुंभारीण माशी. ती मातीच्या घरट्यात अळी आणून ठेवते ती आपल्या पिलांना खायला. पिलू अळीवर वाढतं आणि बाहेर पडतं माशी होऊन. पाहणाऱ्यांना अळी आत जाताना दिसली, माशी बाहेर येताना दिसली. हे मुलांना सरळ सांगावं. दृष्टान्त चुकला तरी ज्यासाठी तो दिला ती गोष्ट (प्रश्न ४) माणसांच्या अनुभवावर उभी आहे, किड्यावर नाही.

६. मग माझ्या मनात सतत वाईट चित्रं येतात, अपघाताची, आजाराची. ती खरी होतील का?

नाही. हा प्रश्न फार लोक विचारतात आणि घाबरून विचारतात, म्हणून उत्तर आधी दिलं. ग्रंथांत जे सांगितलं आहे ते रस घेऊन, मन एकवटून, दीर्घकाळ केलेल्या चिंतनाबद्दल. मनात येऊन गेलेला, नको असलेला विचार म्हणजे चिंतन नव्हे. मुंडकोपनिषदात एकाच झाडावर दोन पक्षी आहेत. एक फळं खातो, दुसरा फक्त पाहतो. भीतीचं चित्र उमटतं तेव्हा ते पाहणाराही तिथेच असतो आणि त्याला त्या चित्राने काही झालेलं नसतं.

पण तेच विचार रोज जबरदस्तीने येत असतील, ते घालवायला हात धुणं, मोजणं, नाव घेणं असं पुन्हा पुन्हा करावं लागत असेल, झोप उडाली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. त्यावर चांगले उपचार आहेत. अशा वेळी 'तुझ्या कल्पनेनेच होतंय' असं सांगणाऱ्यापासून लांब राहा.

७. रुक्मिणीस्वयंवराचं पारायण केलं की लग्न जमतं म्हणतात. त्यात रूपक कुठे आलं?

एकनाथांनी हा ग्रंथ जीव आणि शिव यांच्या मीलनाची कथा म्हणून रचला, आणि महाराष्ट्रातल्या घराघरांत तो मुलींची लग्नं जमावीत म्हणून वाचला गेला. दोन्ही वाचनं आजही चालू आहेत. दुसऱ्याला हसायचं मला काही कारण दिसत नाही. काळजीत असलेल्या आईच्या हाती एक उत्तम काव्य येतं, हेही थोडं नाही.

रुक्मिणी इथे काय करते ते पाहा. विदर्भातल्या कौंडिण्यपुरात बसून तिने कृष्णाला पाहिलेलंही नाही. गुण नुसते ऐकले आणि मनाने वरलं. कल्पनेची ताकद याहून कुठे दिसणार? पण ती कल्पनेत बसून राहत नाही. भावाने शिशुपालाशी लग्न ठरवलेलं असताना ती विश्वासू ब्राह्मणाहाती पत्र पाठवते. लग्नाच्या आदल्या दिवशी कुलदेवीच्या, अंबिकेच्या दर्शनाला नगराबाहेर येईन, तिथून मला घेऊन जा, असं त्यात स्पष्ट लिहिते. मनातली ओळख आधी पक्की झाली, आणि मग पाऊल तिने स्वतः उचललं. पारायण करणाऱ्या मुलींपर्यंत हा भाग पोचला पाहिजे. घरच्यांनी ठरवलेल्या स्थळाला नाही म्हणायचं धैर्य त्यात आहे.

८. हे सगळं मॅनिफेस्टेशनवाले, म्हणजे इच्छा मनात पक्की धरली की ती खरी होते असं म्हणणारे, सांगतात तेच आहे ना?

मुळाशी नातं आहे, दिशा वेगळी आहे. आज रीलमधून जे ऐकू येतं त्यातलं बरंच नेव्हिल गोडार्ड या वक्त्याकडून आलेलं आहे. त्याचा जन्म १९०५ साली बार्बाडोसमध्ये झाला. नाट्यशिक्षणासाठी तो १९२२ मध्ये न्यूयॉर्कला गेला, पुढे तिथे आणि लॉस एंजेलिसमध्ये वर्षानुवर्षं व्याख्यानं देत राहिला आणि १९७२ साली वारला. बायबल हा इतिहास नसून प्रत्येक माणसाच्या मनात घडणारं नाट्य आहे, आणि माणसाची कल्पनाशक्ती हाच देव, असं तो सांगे. मोशेला जळत्या झुडपातून देव आपलं नाव सांगतो, 'मी आहे'. गोडार्डच्या मते या 'मी आहे'ला आपण जे जोडू तेच आपलं जग होतं. म्हणून इच्छा पुरी झाल्याची भावना धरून राहा.

आपल्याकडे बृहदारण्यक उपनिषदात 'अहं ब्रह्मास्मि' (मी ब्रह्म आहे) असं वाक्य आहे. तिथेही 'मी आहे'पासूनच सुरुवात आहे. पण पुरंजनाचा मित्र (प्रश्न ३) त्याला 'तू अमुक हो' असं सांगत नाही. राजा, राजकन्या, पत्नी अशा आजवर जोडलेल्या एकेक गोष्टी तो काढून घेतो. एका वाटेने जाणारा 'मी आहे'च्या पुढे काय भरावं ते निवडतो. दुसऱ्या वाटेने जाणारा पुढची जागा मोकळी सोडतो.

गोडार्डबद्दल एक न्याय्य गोष्ट सांगितली पाहिजे. १९५९ नंतर तो इच्छापूर्तीपेक्षा आध्यात्मिक जागृतीबद्दलच अधिक बोलू लागला. गाडी-बंगल्याच्या रीलमध्ये त्याचा हा उत्तरार्ध येत नाही. आणि कर्ज, आजारपण, बेकारी ही 'तुझ्या चुकीच्या कल्पनेची फळं' असं कोणी सांगत असेल, तर ते मला क्रूर वाटतं, मग सांगणारा कोणताही ग्रंथ हातात धरून बोलत असो.

९. लवण राजाची गोष्ट वाचून गोंधळायला होतं. यात खरं कुठलं?

वसिष्ठांनी रामाला केलेल्या उपदेशाच्या ग्रंथातली, योगवासिष्ठातली ही गोष्ट. दरबारात एक जादूगार मोरपिसांचा कुंचा फिरवतो आणि राजा बसल्या जागी निश्चल होतो. दोन मुहूर्तांनी भानावर येतो तेव्हा तो एक अख्खं आयुष्य जगून आलेला असतो. विंध्यातल्या रानात भुकेने मरायला टेकलेला, चांडाळ म्हणून हिणवलेल्या वस्तीतल्या मुलीशी लग्न केलेला, मुलंबाळं झालेली, दुष्काळात भुकेल्या मुलासाठी स्वतः आगीत उडी घ्यायला निघालेला. दुसऱ्या दिवशी राजा त्या रानात जाऊन पाहतो तर ती वस्ती खरोखर आहे, आणि त्याची सासू मेलेल्या लेक-जावयासाठी रडते आहे.

वसिष्ठ हे मनाच्या शक्तीवरून समजावतात. मला यात आणखी एक दिसतं. सिंहासनावर परत आल्यावर त्या वस्तीचं दुःख त्याला परकं म्हणता येत नाही. 'मी राजा' ही ओळख कायमची सैल झालेली असते.

१०. सगळं आतलंच असेल तर राम-कृष्ण झालेच नाहीत, असं म्हणायचं का?

रूपकाने वाचणं आणि इतिहास नाकारणं यांचा संबंध नाही. एकनाथ कौसल्येला सद्विद्या म्हणतात आणि रामनवमीलाही उभे राहतात. जो प्रश्न पुरातत्त्व आणि इतिहासाच्या अभ्यासाचा आहे तो तिथे सोडवावा. पोथी हातात असताना विचारायचा प्रश्न वेगळा असतो (प्रश्न १).

११. घरच्या वाचनात कैकेयी निघाली की सगळ्यांना कोणी तरी आठवतं. हे योग्य का?

अजिबात नाही. 'आमच्याकडची मंथरा' असं कोणाला म्हणण्यासाठी रूपक नाही. प्रत्येक पात्र आपल्यात शोधायचं, आणि वाईट पात्र आधी. एकनाथांची भारुडं याचा वस्तुपाठ आहेत. 'विंचू चावला' म्हणणारा विंचू दाखवतो तो स्वतःला डसलेला, कामक्रोधाचा, आणि उतारा मागतो सत्त्वगुणाचा. 'रोडगा वाहीन तुला' या भारुडात एक सून भवानीआईला नवस बोलते की सासरा, सासू, नवरा सगळी जाऊ देत. ऐकणारे खळखळून हसतात. शेवटी एका जनार्दनी म्हणतात, सगळेच जाऊ दे, एकटीच राहू दे मला. तेव्हा लक्षात येतं की हा नवस घरच्या माणसांविषयी नव्हताच. आपल्याला वेढून बसलेल्या विकारांविषयी होता.

रोजच्या वाचनासाठी एक साधी रीत: आधी गोष्ट मोठ्याने पूर्ण वाचा. मग त्यातलं एकच पात्र घेऊन आठवडाभर स्वतःत शोधा. ग्रंथाने उलगडा दिला असेल तर तो शेवटी पाहा.

१२. एकलव्याचा अंगठा म्हणजे अहंकार, असं एका प्रवचनात ऐकलं. पटलं नाही. मी चुकतोय का?

तुम्ही चुकत नाही. महाभारतातच कारण दिलेलं आहे: एकलव्य निषादांचा मुलगा म्हणून द्रोणांनी शिकवलं नाही, आणि अंगठा मागितला तो अर्जुनाच्या वर कोणी जाऊ नये म्हणून. तिथे 'अहंकार' घालणं म्हणजे अन्याय झाकणं. डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली जातिसंस्थेच्या उच्छेदावर लिहिताना हेच बजावलं होतं. शास्त्रांचा खरा अर्थ व्याकरणाने किंवा तर्काने वेगळा निघतो, असं सांगून उपयोग नाही. लोकांनी ती कशी समजली आणि कशी पाळली ते महत्त्वाचं.

मी स्वतः एक कसोटी लावतो. गोष्टीतला जो नियम समाजाने खऱ्या माणसांवर चालवला, ज्याच्याने कोणाचं शिक्षण, पाणी, देऊळ बंद झालं, तिथे रूपक करायचं नाही. तो भाग जसा आहे तसा वाचायचा आणि चूक म्हणायचा.

१३. गीतेतलं युद्ध खरं की आतलं? गांधीजी एक सांगतात, टिळक दुसरं.

गांधीजींनी १८८८-८९ मध्ये गीता प्रथम वाचली तेव्हापासूनच त्यांना ते हृदयात चालणाऱ्या द्वंद्वाचं वर्णन वाटलं. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेलं आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेलं गीतारहस्य कर्मयोगावर उभं आहे. समोर आलेलं कर्तव्य प्रत्यक्ष करायचं आहे, ते मनातल्या मनात उरकता येत नाही. मला टिळकांचं म्हणणं मजकुराच्या जास्त जवळचं वाटतं. ज्ञानदेवही रणांगण रणांगणच ठेवतात. पण अर्जुनाच्या हातून गांडीव गळतं ते बाणांनी नव्हे. 'हे माझे' या ओळखीने गळतं, आणि ते आत घडतं. दोन्ही वाचनं इथे भेटतात.

१४. मग जात, आडनाव, गाव, नोकरी ही ओळख खोटीच म्हणायची का?

हे वाक्य कोण कोणाला म्हणतं यावर सगळं आहे. चोखोबा म्हणतात, ऊस वाकडा असला तरी रस वाकडा नसतो, वरच्या रंगाला काय भुललास? ज्याला बाहेरची ओळख सतत डिवचत होती त्याने हे म्हटलं, तेव्हा ते स्वतःच्या आतल्या खऱ्या 'मी'ची ग्वाही होतं. तेच वाक्य देवळाच्या आत उभं राहून बाहेरच्याला ऐकवलं, की 'आत सगळे सारखेच, मग दरवाज्याचा हट्ट कशाला?' असा त्याचा वापर होतो. पंढरपुरात चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर, नामदेवपायरीजवळ आहे. आत आत्मा एकच, हे कीर्तनांतून शतकानुशतकं सांगून झालं होतं, तरी विठ्ठलाचं देऊळ दलितांना उघडलं ते १९४७ च्या मे महिन्यात, साने गुरुजींनी प्राणांतिक उपोषण केल्यावर.

म्हणून माझं उत्तर असं: स्वतःची ओळख सैल करणं हे साधन आहे आणि ते ज्याचं त्याने करायचं. दुसऱ्याची ओळख, त्याचं दुःख, त्याचा हक्क मात्र पूर्ण खरा मानायचा.